खिडक्या किती दिवस बंद ठेवायच्या?

(आलेलं पत्र, थोडं कापून)

"ताई, दोन वर्षांपूर्वी मी प्रदूषण कमी करायचं मनावर घेतलं. कापडी पिशव्या घेतल्या (आता १४ झाल्यात), प्लास्टिकचे ब्रश बंद केले, हवा शुद्ध होते म्हणून घरात ९ कुंड्या आणल्या, हवेचं मीटर पण घेतलं. आणि आमच्या बिल्डिंगच्या मागे झाडलोट करणारे काका रोज पहाटे पानं आणि त्यातच सापडेल तो कचरा पेटवतात. ४० घरं आहेत, कोणाला काही वाटत नाही. सासूबाईंना दमा आहे म्हणून मी उठल्या उठल्या सगळ्या खिडक्या लावून घेते. ग्रुपवर लिहिलं तर दोन अंगठे आले आणि एकाने विचारलं की मग पानं तुम्ही उचलणार का. मिस्टर म्हणतात एकटीने काय होणारे. मुलगी म्हणते आई तू सारखी कटकट करतेस. सोडून देऊ का सगळं? – धुराने वैतागलेली"

अहो वैतागलेल्या ताई,

१४ पिशव्या वाचून आधी हसू आलं, मग उठून माझ्या दारामागच्या खिळ्यावरच्या मोजल्या तर ११ निघाल्या, म्हणजे मी फार शहाणी आहे अशातला भाग नाही. पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र हसू गेलं. दोन वर्षं तुम्ही जीव काढताय आणि ज्या गोष्टीचा तुमच्या घरातल्या माणसाला खरोखर त्रास होतोय ती रोज पहाटे जशीच्या तशी चालू आहे, आणि त्यावर तुमचा उपाय काय, तर खिडकी लावणे. दमणारच की माणूस.

उत्तर आधी देते, कारणं मग. सगळं सोडू नका, पण जे करताय त्यातलं निम्मं आजपासून बिनधास्त सोडा आणि वाचलेली सगळी ताकद त्या मागच्या ढिगाऱ्यावर लावा. जग राहू दे बाजूला, ४० घरं हाच तुमचा आकडा.

निम्मं म्हणजे कुठलं? कुंड्यांपासून सुरू करू. १९८९ साली नासाच्या एका अभ्यासात बंद पेटीत झाडं ठेवून बघितलं होतं, पेटीतले काही विषारी वायू कमी झाले, तिथून ही "हवा शुद्ध करणारी झाडं" सगळीकडे पसरली. पण आपलं घर म्हणजे काही बंद पेटी नाही ना, दारं उघडतात, फटी असतात, हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये असे सगळे जुने प्रयोग एकत्र मांडून हिशेब केला गेला तर निघालं असं की नुसत्या हवा खेळण्याने जेवढा फरक पडतो तेवढा झाडांनी पाडायचा तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. म्हणजे घरात राहायला जंगलच पाहिजे, आणि तेही वायूंसाठी, धुराच्या कणांचा तर त्यात विषयच नव्हता. कुंड्या ठेवा, छान दिसतात, पण त्यांच्याकडून कामाची अपेक्षा नको.

पिशव्यांचं पण तसंच. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी पर्यावरण खात्याने हिशेब मांडला होता, त्यात साधी कापडी पिशवी नुसत्या कार्बनच्या दृष्टीने दुकानातल्या साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायची तर ५० पेक्षा जास्त वेळा वापरावी लागते, आणि कापूस पिकवताना होणारं बाकीचं नुकसान धरलं तर आकडा हजारांत जातो. म्हणून कापडी पिशवी वाईट असं नाही हां, पण पंधरावी पिशवी घेणं म्हणजे प्रदूषण कमी करणं नव्हे, ती नुसती खरेदी झाली. दोन ठेवा, फाटेपर्यंत वापरा. उरलेल्या बाराचं काय ते शेवटी सांगते. ब्रशबद्दल मला मत नाही, जे आवडेल त्याने दात घासा.

आता धूर. इथे जरा वेळ काढून लिहिते कारण लोकांना वाटतं पानांचा धूर म्हणजे काय एवढं, निसर्गातलंच आहे. रात्री जमीन गार पडते, तिला चिकटलेली हवाही गार पडते, आणि त्याच्या वरचा थर मात्र उबदारच राहतो. गार हवा जड, ती वर उठत नाही, म्हणजे भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं. वारा पडलेला असेल तर पहाटेच्या वेळी हे झाकण सगळ्यात घट्ट असतं. त्या वेळी पेटवलेल्या ढिगाचा धूर वर जातच नाही, पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर आडवा पसरतो आणि तिथेच रेंगाळतो. ऊन वर आलं, जमीन तापली की झाकण निघतं. म्हणजे काकांनी दिवसातली नेमकी सगळ्यात वाईट वेळ निवडलीय, बिचाऱ्यांना माहीत नसताना.

त्यात दव पडून ओलसर झालेली पानं. ती भडकत नाहीत, तासभर धुमसत बसतात, आणि धुमसणारी आग ही पेटलेल्या आगीपेक्षा जास्त घाण असते कारण अर्धवट जळतं. कार्बन मोनॉक्साइड, कॅन्सरशी संबंध असलेली रसायनं आणि ते बारीक कण ज्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज करा. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, त्यातले अगदी बारीक तर रक्तातही उतरतात. दमेकऱ्याला लगेच कळतं, बाकीच्यांना फक्त घसा खवखवतो म्हणून ते खोकून विसरतात.

आणि पानांत "सापडेल तो कचरा" असतो असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला तर तीच ओळ सगळ्यात जास्त टोचली. वायरची आवरणं, काही पाइप, काही शीट हे पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचं असतं आणि पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. ते अर्धवट जळलं की डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. कचरा जाळण्याच्या मोठ्या भट्ट्यांना युरोपात नियम आहे की धूर ८५० अंशावर निदान २ सेकंद राहिला पाहिजे आणि मग तो गाळून सोडायचा, हे सगळं याच भीतीपोटी. उघड्यावरच्या ढिगाला ना भट्टी ना गाळणी. शिवाय डायॉक्सिन हवेतून विरून जात नाही, मातीवर बसतं, गवतात, जनावरात, दुधा-मांसात साठतं, माणसाच्या शरीरात जे जातं त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त खाण्यातूनच जातं. म्हणून "राख चांगलं खत असतं, कुंडीत टाका" म्हणणारे कोणी भेटले तर त्यांना सांगा की निव्वळ लाकडाची असेल तर थोडी चालते, प्लास्टिक जळालेली अजिबात नाही.

तुम्हाला वाटेल आपल्या एका ढिगाने काय, पण २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज काढला होता की जगातला साधारण ४० टक्के कचरा असाच उघड्यावर जळतो. त्याचा हिशेब बऱ्याच ठिकाणी कुठल्याच सरकारी आकड्यात येत नाही कारण तो असाच कुणाच्या तरी मागच्या अंगणात, पहाटे, एक काडी लावून जळत असतो.

आता माझी चूक सांगते म्हणजे तुम्ही ती करणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच चालायचं. मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली चार ओळी तावातावाने लिहिल्या. कमिटीतल्या कोणीतरी झाडणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर झापलं. मला फार बरं वाटलं, आठवडाभर धूर नाही. मग एके दिवशी पहाटे साडेचारला जाग आली ती वासाने. त्यांनी जाळणं बंद केलं नव्हतं, वेळ बदलली होती, कोणी फोटो काढू नये म्हणून. आणि साडेचार म्हणजे ते मी वर म्हटलं तसं झाकण अजूनच घट्ट. म्हणजे माझ्या त्या पोस्टने धूर वाढवला. शेवटी एक दिवस खाली जाऊन नुसतं विचारलं की का जाळता हो, तर म्हणाले घंटागाडीवाला पानांची पोती घेत नाही, डबा भरला की कमिटीचे लोक ओरडतात, मग मी करू काय. दोन मिनिटांचं बोलणं होतं, ते मी वर्षभर केलं नव्हतं.

बंदी घालायच्या आधी वाट द्यावी लागते, हे मोठ्या प्रमाणावर पण असंच झालेलं आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२, लंडन. थंडी, वारा नाही, तेच झाकण, आणि खाली धूर कोंडला इतका की माणसांना स्वतःचे पाय दिसेनात. तेव्हाच साधारण ४,००० माणसं गेली असं मानलं गेलं, नंतरच्या अभ्यासात तो आकडा १२,००० पर्यंत गेला. कारखाने होते, वीज केंद्रं होती, पण धुराचा फार मोठा वाटा घराघरातल्या कोळशाच्या शेगड्यांचा होता, म्हणजे साध्या माणसांनी ऊब मिळावी म्हणून पेटवलेल्या. १९५६ मध्ये कायदा झाला, ठरावीक भागात धूर करणारं जळण बंद. पण मला त्यातली आवडते ती पुढची गोष्ट, जुनी शेगडी बदलायच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारी पैशातून दिला गेला. नुसतं "जाळू नका" म्हटलं असतं तर लोक थंडीत काय करणार होते, त्यांनीही आमच्या माणसासारखं पहाटे साडेचारला पेटवलं असतं.

तेव्हा तुमच्या ग्रुपवरच्या त्या माणसाने चिडवायला का होईना पण बरोबर प्रश्न विचारलाय, पानं कोण उचलणार. त्याच्यावर रागावू नका, तोच प्रश्न सोडवायचाय. आणि माझं उत्तर असं की बरीचशी पानं उचलायचीच नाहीत.

आधी काकांशी बोला, ते झाडायला आले की, चहाच्या वेळी, एकट्याने, ग्रुपचा उल्लेख न करता. त्यांना धुराचे दुष्परिणाम सांगत बसू नका, त्या ढिगाशेजारी उभं राहून सगळ्यात जास्त धूर तेच घेतात, त्यांचा खोकला त्यांना माहीत आहे. फक्त विचारा की पानांचं काय केलं तर तुमचं काम वाढणार नाही. काम वाढलं तर काहीही टिकणार नाही हे लिहून घ्या.

मग सगळ्यात सोपं म्हणजे झाडाखालची पानं झाडाखालीच सरकवायची. दोन-तीन इंचाचा थर, बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवून, कारण बुंध्याला चिकटून ओल राहिली तर साल कुजते. माती झाकली जाते, पाणी कमी लागतं, आणि पानं तिथेच हळूहळू मातीत जातात. झाडू मारायचा तो फक्त रस्ता आणि पार्किंगवर. काही लोक म्हणतील अस्वच्छ दिसतं. दिसू दे. कडेला विटांची एक ओळ लावली की तेच लोक म्हणतात वा किती छान केलंय, हा माझा अनुभव आहे, सौंदर्य म्हणजे बऱ्याचदा नुसती कड असते.

जी उरतील त्यांच्यासाठी तारेच्या जाळीचा गोल पिंजरा, साधारण एक मीटर रुंद एक मीटर उंच, तळ उघडा, मातीवर. त्याहून लहान केला तर आत उष्णता धरत नाही. आणि तो उभा करा नेमका तिथे जिथे काका आज पेटवतात, आधीची राख पूर्ण गार झाल्यावर उचलून टाकून. म्हणजे त्यांची चाल तीच, ढकलगाडी तीच, फक्त काडी लावायची नाही. भिंतीला आणि गाड्यांना खेटून नको, आणि सिगरेट ओढणाऱ्यांना तिथून लांब ठेवा, वाळकी पानं आहेत शेवटी.

नुसती पानं टाकलीत तरी होतं, पण बुरशीच्या भरवशावर, वर्षभर किंवा जास्तही लागतो. लवकर हवं असेल तर तीन टोपल्या वाळक्या पानांवर एक टोपली स्वयंपाकघरातला ओला कचरा, सालं, देठं, चहाचा चोथा. सूक्ष्म जिवांना कार्बन आणि नायट्रोजन साधारण ३० ला १ या प्रमाणात लागतं, पानात कार्बन भरपूर, सालात नायट्रोजन, म्हणून ही जोडी. पिळलेल्या स्पंजइतकी ओल. आठ-पंधरा दिवसांनी खालीवर करायचं. मधोमध हात घातला तर चांगलं गरम लागतं, ५५ ते ६५ अंशापर्यंत जातं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरले होते की पेटतंय की काय. वास मारला तर समजा ओल जास्त आणि हवा कमी झाली, पानं घाला आणि हलवा. गारच राहिलं तर कोरडं पडलंय किंवा ओला कचरा कमी पडतोय. उंदरांचा विषय मीटिंगमध्ये निघणारच, त्यावर उत्तर हे की मांस-मासे-दूध त्यात घालायचं नाही आणि ओला कचरा उघडा न ठेवता दर वेळी पानांनी झाकायचा. तीन-चार महिन्यांत खत. ढिगाची उंची बघता बघता निम्म्यावर येते, त्यामुळे "किती पिंजरे लागतील" याची लोक घेतात तेवढी भीती घ्यायचं कारण नाही.

प्लास्टिक वेगळं निघालंच पाहिजे, ते पिंजऱ्यातही नको. एक पोतं पिंजऱ्याच्या खांबाला अडकवून ठेवा, काकांनी झाडताना सापडलेलं त्यात टाकायचं, आणि ते घंटागाडीत जाईल ही जबाबदारी कमिटीची, काकांची नाही. मीटिंगमध्ये हे नाव घेऊन ठरवून घ्या, "सगळ्यांनी लक्ष द्यायचं" असं ठरलं की कोणीच देत नाही.

४० घरांना पटवायच्या फंदात पडू नका. चार घरं बघा, ज्यांच्याकडे लहान मूल आहे किंवा कोणाला दम लागतो आणि ज्यांच्या खिडक्या मागच्या बाजूला आहेत. चौघं मिळून कमिटीकडे गेलात की ती "त्या बाईंची कटकट" राहत नाही. एक महिना करून बघू म्हणा, कायमचं म्हणू नका, कायमचं म्हटलं की लोक घाबरतात. आणि एवढं करूनही कोणी मुद्दाम पेटवत असेल तर मग नगरपालिकेकडे तक्रार, उघड्यावर कचरा जाळायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते. ती शेवटी, आणि तीसुद्धा काकांविरुद्ध नाही तर कमिटीविरुद्ध.

मीटर घेतलंच आहे तर त्याचा इथे उपयोग करा. दर पाच मिनिटाला बघून जीव खाली-वर करू नका, १५ दिवस एकाच जागी ठेवून रोज तीन ठरलेल्या वेळांचे आकडे वहीत लिहा, जाळायच्या आधी, जाळताना आणि दुपारी, शिवाय त्या दिवशी पेटवलं होतं की नाही हे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा पीएम २.५ साठी २४ तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम आहे, पण ती पूर्ण दिवसाची आहे, पहाटेचा एकच आकडा तिच्याशी लावून आरडाओरडा केला तर कोणीतरी हुशार माणूस तुम्हाला तिथेच खोडून काढेल. तसंच ही स्वस्त मीटरं उजेड पाडून कण मोजतात, त्यांना धुकं आणि धूळ यातला फरक कळत नाही, दमट पहाटे आकडा उगाच फुगतो. म्हणून पेटवलेले दिवस आणि न पेटवलेले दिवस शेजारी ठेवून दाखवा, आकडा खरा किती यापेक्षा त्या दोनांतलं अंतर बघून माणसं गप्प होतात.

आता घरातलं. खिडक्या लावून तुम्ही बाहेरचा धूर अडवताय हे त्या तासापुरतं ठीक आहे, पण दिवसभर बंद ठेवत असाल तर आतला कोंडताय. रात्री डासांची कॉइल लावता का? पत्रात नाही लिहिलंय पण बऱ्याच घरात असते म्हणून विचारते. २००३ च्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून निघणारे पीएम २.५ हे ७५ ते १३७ सिगरेटींच्या बरोबरीचे भरले होते. बंद खोलीत, दमेकरी माणसाच्या उशाशी. पिशव्यांवर घातलेला वेळ मच्छरदाणीवर घातला असता तर सासूबाईंचं जास्त भलं झालं असतं, सॉरी पण खरंय ते. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट फॅन फोडणीच्या आधी लावा आणि नंतर दहा मिनिटं चालू ठेवा, कढईतून धूर दिसत नसला तरी गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायॉक्साइड निघतोच. वर चिमणी असेल तर मागची शेगडी वापरा, पुढच्या शेगडीचा धूर तिच्या तावडीतून सुटतो. केर कोरडा उडवण्यापेक्षा ओलं पुसा. सुगंधी स्प्रे बंद, वास झाकला जातो हवा सुधारत नाही. आणि ब्लीच कधीही अॅसिडवाल्या टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका, क्लोरीन वायू होतो, धडधाकट माणूस आडवा होतो तिथे दमेकऱ्याचं काय. बाहेरचा धूर थांबला की ऊन वर आल्यावर खिडक्या सताड उघडा. सासूबाईंचा इन्हेलर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू राहू दे, धूर कमी झाला म्हणून आपल्या मनाने बंद नको.

गाडीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत म्हणून दोनच वाक्यं. कुठे थांबून १० सेकंदांहून जास्त वेळ जाणार असेल तर इंजिन बंद करणं परत सुरू करण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि शाळेच्या गेटशी हे जास्त पाळा कारण धुराड्याची आणि मुलांच्या नाकाची उंची फार वेगळी नसते. दुसरं, गाडी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं सगळ्यात जास्त घाण सोडते, धूर साफ करणारा कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून कोपऱ्यापर्यंतची फेरी चालत केलीत तर वाचतं ते अंतराच्या मानाने बरंच जास्त.

तुमच्या मिस्टरांचं काय करायचं ते सांगते. ते निम्मे बरोबर आहेत, तसं त्यांना सांगून टाका, नवऱ्याला निम्मं बरोबर म्हटलं की उरलेलं निम्मं ऐकून घेतो. पेट्रोलमधलं शिसं एकेका माणसाने नीट गाडी चालवून गेलेलं नाही. १९२० च्या दशकात ते पेट्रोलमध्ये घालायला लागले, मुलांच्या मेंदूला त्याचा त्रास होतो हे कळल्यावरसुद्धा बाहेर काढायला कित्येक वर्षं लागली, देशोदेशी कायदे करावे लागले, शेवटी अल्जीरिया हा राहिलेला देश २०२१ मध्ये थांबला तेव्हा जगात गाड्यांसाठी शिसंवालं पेट्रोल विकणं संपलं. तिथे तुम्ही आम्ही एकट्याने काहीच करू शकलो नसतो. पण त्यांना एवढं विचारा की आपल्या मागचा धूर किती जण करतात? एक माणूस, एक काडी. तो थांबायला कुठल्या देशाने कशावर सही करायची गरज आहे?

मुलीची तक्रार मात्र मला खरी वाटते. घरात ब्रश, स्ट्रॉ, पिशवी यावरून रोज टोकणं बंद करा, त्याने प्रदूषण शून्य कमी होतं आणि या विषयाचाच तिला कंटाळा येईल. वहीत आकडे लिहायचं काम तिला द्या, न सांगता, नुसती वही मीटरशेजारी ठेवून. नाही लिहिले तर तुम्ही लिहा.

आणि हो, त्या उरलेल्या १२ पिशव्या. काकांना द्या, पानं भरून पिंजऱ्यापर्यंत न्यायला. दोन महिन्यांनी कळवा पिंजरा कुठवर आलाय, आणि मधोमध हात घालून बघितलात का तेही.